गोळी विरघळेपर्यंत

कौसल्ये, आता मी बोलतो, तू ऐक. सवय आहे आपल्याले.

सकाळी तू ओट्यावर टमाट्याच्या उलट्या क्यारेटवर बसे, गोळी जिभेखाली धरून, तोंड घट्ट बंद. अन् मी समोर खाटेवर. गोळी विरघळेपर्यंत तुले बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोलो. सारा संसार तू बोलली अन् मी हूं हूं केलं. म्हातारपणी त्या गोळीनं मले बोलाची पाळी देली. आता तू कायमचीच गप्प झाली, तं पाळी पुन्हा माहीच आली.

तुही तेरवी होऊन आठवडा होत आला. पाव्हणे गेले. सुमनही वलगावले तिच्या घरी गेली, जाताना डब्यात चिवडा भरून ठेवून गेली, जसं काई तिचा बाप लहान लेकरू आहे. बार्शीटाकळीच्या या घरात आता मी एकटा. पण खरं सांगू? रडू कमी येऊन राहिलं अन् श्वास मोकळा येऊन राहिला. लोकं म्हणतीन, म्हाताऱ्याले बायको गेल्याचं काईच नाई. आहे. जेवताना आहे, दिवा लावताना आहे. पण तू तुही तूच राहून गेली. तोंड शेवटपर्यंत तिखट, नजर जागेवर. त्या क्याप्सूलच्या दिवसांत गेली असती तं मी नेमकं कोणाले जाळून आलो, हेच मले समजलं नसतं.

ते दिवस आपण दोघांनी कधी उकरले नाई. आज उकरतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाई.

तू भाजीचं गाठोडं उतरवताना मेटाडोरवरून पडली अन् कंबर धरली. डॉक्टरनं दुखण्यावरची क्याप्सूल देली. दुसऱ्या दिवशी तू ताठ चालत वावरात आली अन् म्हणली, "सुमनचे बाबा, कंबर नवीन बसवली मले." मीही खूश. मंग कंबर राहिली बाजूले अन् क्याप्सूलच लागत गेली. मेडिकलवाला चिठ्ठी मागे ना काई. नाई भेटली की तुले जांभयावर जांभया, नाक गळे, पोट बिघडे, पाय असे ओढत की तू चुलीजवळ बसून दोन्ही पाय भिंतीवर आपटे. मी म्हणो हवा बदलली. खाल्ली की बाजारात तागडी हातात धरून डुलक्या. गिऱ्हाईकच तुले हलवे, "अवं माय, मेथी दे ना."

अन् एक दिवस वांग्याच्या ढिगावरच तुले झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. एका म्हातारीनं तं कुंकू लावून हात जोडले, म्हणे बाईच्या आंगात आलं.

अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्याडमनं विचारलं, दिवसाला क्याप्सूल किती घेतात? मी खवळलो. "म्याडम, माही बायको सुपारी खात नाई! नशेडी समजता काय तिले?"

तू खाटेवरून म्हणली, "सुमनचे बाबा, तुमी बाहेर जाऊन चहा प्या." अन् म्याडमकडं वळून, "मी खातो. लय खातो. थांबवतो म्हटलं तं थांबवता येत नाई."

मी बाहेर गेलो नाई. म्याडमनं तुह्या हातावर हात ठेवला. "मावशी, हा आजार आहे. कंबर दुखत होती तसाच हाही. याच्यावर औषध आहे." तू रडली नाई. नुसती एवढी मोठी उसासली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं.

पण आपल्याले पटते कुठी एका तोंडानं? तुह्या भावानं अमरावतीच्या पलीकडं एका ठिकाणी नेलं, बंद गेट, गेटवर कुलूप. तठीचा माणूस म्हणला, "बायांची वेगळी सोय नाई. तरी सोडून जा. आठ दिवस कोंडून ठेवू. वरडू द्या. सुटते आपोआप."

तू विचारलं, "अन् नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी घरी."

"नवव्या दिवशी मी सरळ मेडिकलवर उभी राहीन, भाऊ. तुमचं कुलूप माह्यासंगं येते का घरी?" अन् तू जाऊन ऑटोत बसली. तुहा भाऊ माह्याकडं पाहून राहिला. मी म्हटलं, माह्याकडं काय पायता, ती अशीच आहे.

म्याडमची गोळीही अजब. म्हणे, क्याप्सूल आंगातून पुरी उतरू द्या, त्रास सुरू झाला की या, त्याच्याआधी ही गोळी घेतली तं त्रास उलटा वाढन. असा दवाखाना मी जन्मात पाहिला नव्हता, जो म्हणते त्रास घेऊन या. तू भर उन्हाळ्यात शाल पांघरून एसटीत कुडकुडत बसली. तठी बाकावर तुह्यासारखेच लोकं. एक ट्रकवाले सलीमभाई, अफूवर गाडी हाकणारे. एक शिकलेली बाई, ऑपरेशनानंतर इंजेक्शनाची सवय लागलेली, पोटात लेकरू असलेली. मी विचारलं, सगळ्यांले एकच गोळी काय? म्याडम म्हणल्या, नाही बाबा, ज्याचं त्याचं वेगळं. त्या पोटुशीले अचानक बंद करणं बाळाले वाईट, म्हणून तिचं मोजूनमापून चालू होतं. सलीमभाईचं आंग साफ झालं तवा त्याले दुसरीच गोळी देली, जी खाल्ली की वरून अफू खाऊनही चढत नाई. सलीमभाई म्हणे, "काकाजी, अब तो अफीम भी अपने को धोका दे गई."

नर्सनं तुह्या जिभेखाली गोळी ठेवली. दुपारपर्यंत तू शाल काढली, अन् म्हणली गेटवरचा आलूबोंडा आणा.

"नशा चढली काय तुले?"

"नाई," तू म्हणली. "उतरली. सारंच उतरलं."

मंग गोळी घरी भेटू लागली अन् आपला घोटाळा झाला. सकाळी तू चांगली, सांजेले पुन्हा जांभया, पुन्हा पाय. मी म्हटलं, गोळी डुप्लिकेट आहे. दोघं भांडायले गेलो. म्याडम म्हणल्या, माझ्यासमोर घ्या बरं. तू गोळी ठेवली अन् ठेवल्याठेवल्या माही तक्रार चालू केली, की हा माणूस मले एसटीत खिडकी देत नाई, मेथी जरठ होऊ देते, औषधाले डुप्लिकेट म्हणते. म्याडम गालावर हात ठेवून ऐकत राहिल्या. तुहं झाल्यावर म्हणल्या, "मावशी, गोळी कुठं आहे?"

तू जीभ फिरवली. "गेली वाटते पोटात."

"पोटात गेली की वाया गेली. ती जिभेखालीच विरघळायला पाहिजे. रोज सकाळी हेच होतं ना?"

नर्स हसली, मी हसलो, तुले राग आला. खरंच आहे. सकाळच्या पारी ओट्यावर गिऱ्हाईक येते, सांबाराची जुडी मागते, तू भाव करते, शेजारणीची खबरबात घेते, अन् त्या बोलण्यात गोळी थुंकीसंगं गिळून टाकते. दुसरी कोणती बाई असती तं तिचा हा रोग पहिल्याच दिवशी सुधरला असता.

तवापासून मी पहाऱ्यावर बसलो. कोणी आलं की मी सांगो, थांबा, आता बोलत नाई ती. तू हातानं इशारे करे, भुवया वर-खाली करे. अन् मी बोलो. पाटाचं पाणी, सुमनचं सासर, माहे गुडघे, पुढाऱ्यांले शिव्या. तोवर तू सांबार निवडत बसे. गोळी विरघळली की तू एक घोट पाणी पिऊन माह्या पहिल्या वाक्यापासून उत्तर दे. पहिलं, दुसरं, तिसरं. एक सुटत नव्हतं. मी काय बोललो हे मले आठवत नसे, पण तुले आठवे.

पण गल्लीतल्या बायांनी भलतंच काढलं. बाजारात आंगात आलं होतं, आता सकाळी मौन धरते, म्हणजे कौसल्याकाकूनं व्रत घेतलं. अन् कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, मौन सुटल्यावर पहिला शब्द निघन तो कौल! बाया सकाळी येऊन ओट्याखाली बसू लागल्या. एक आली मनात पोरीची सोयरीक घेऊन. तू तोंड उघडलं अन् वरडली, "जळलं!" कारण चुलीवर मी ठेवलेलं दूध उतू गेलं होतं. तिनं सोयरीक मोडली. मंग तूच तिच्या घरी जाऊन सांगून आली की बाई, दूध जळलं, पोरगा नाई. तरी बाया यायच्या थांबल्या नाई. एकीले कौल भेटला, "मेल्या, तोंड धुतलं काय?" तो मले होता. तिनं घरी जाऊन लेकाले धरून आंघोळ घातली.

लय हसलो आपण तवा. मले तं सोय वाटली. व्रत म्हटलं की लोकं हात जोडतात. क्याप्सूलची गोष्ट निघाली असती तं हेच लोकं तोंडावर पदर घेऊन हसले असते. मी म्हटलं, राहू दे व्रत.

मंदा यायले लागली अन् तुहं हसू गेलं. मागच्या गल्लीतली मंदा, ब्लाउज शिवणारी. उन्हाळ्यात पदरानं नाक पुसे, जांभया दे, बसल्या जागी पाय हलवे. तुले पहिल्या दिवशीच समजलं. मले म्हणली, "मुतखड्याच्या दुखण्यात सुरू केलं असन तिनं. माहीच क्याप्सूल आहे थे. आता ती कौल मागायले बसून राहिली माह्यापुढं. माह्याकडं कौल कुठचा? माह्या तोंडात दवाई हाय."

"मंग घेऊन जा तिले अकोल्याले, पण कोणाले सांगू नको."

"न सांगता कशी नेऊ? तिले सांगा लागते की मी कोण होतो. अन् तिले सांगतलं की गल्लीले समजते."

"हेच म्हणतो मी. समजल्यावर काय? सुमनच्या सासरी जाईन गोष्ट."

"जाऊ द्या. सुमनची सासूही ऐकन, तिलेही दोन गोष्टी कळतीन."

एका सकाळी मी बोललो अन् तू उत्तरं देली, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी विचारो, "ही गोळी कवा सुटन तुही? मंग सांग सगळ्यांले, पुरी बरी झाल्यावर." अन् तू म्हणे, "दोडक्याले मांडव घालता तवा विचारता का, मांडव कवा सुटन? मांडव काढला तं दोडका मातीत सडते. मी बरीच हाय. मांडवावर हाय."

हे मले पुरं पटलं नव्हतं. आताही मले वाटते माणसानं एक दिवस सारं सोडावं. पण तुह्या उभं राहण्यात मी काई खोट काढू शकत नाई. ज्या बाईले बाजारात डुलक्या येत, तिनं त्या मांडवावर मेथीच्या जुड्या बांधल्या, नातीचं बारसं केलं, मले रोज शिव्या घातल्या. आणखी काय पाहिजे होतं मले?

मंदाले सांगणं माह्यापायी राहूनच गेलं, अन् मंग तुह्या पोटात गाठ निघाली. सुमननं अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणले, आता दुखू न देणं एवढंच करता येईल. अन् तू दुखणंच सांगेनाशी झाली. तरणा डॉक्टर विचारे, "आजी, दुखते?" तू मान हलवे, नाई. अन् चादर मुठीत आवळे. मी कानाशी वाकलो तवा म्हणली, "पुन्हा त्या क्याप्सूलच्या दारातून आत नाई जायचं मले. दुखू द्या."

मी कवा कोणाच्या पाया पडत नाई, त्या दिवशी डॉक्टरले म्हटलं, अकोल्याच्या म्याडमले फोन लावा, मी नंबर देतो. दोघं बराच वेळ बोलले. तुहीच गोळी, तीच, आता दिवसातून वाटून वाटून द्यायचं ठरलं, कारण ती दुखण्यावरही चालते म्हणे. वरून आणखी एक औषध. डॉक्टर तुह्या खाटेच्या काठावर बसून म्हणला, "आजी, दुखतं म्हणून घेणं वेगळं अन् न घेता राहवत नाही म्हणून घेणं वेगळं. आम्ही दोघं लक्ष ठेवून आहोत. गोळ्या तुम्ही एकट्याच नाही मोजत."

संध्याकाळी तुही मूठ सुटली. चादरीवरच्या सुरकुत्या मी हातानं सरळ केल्या. माह्या छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसं झालं मले. पण एक पंचाईत झाली. गोळी दिवसातून चारदा म्हणजे तुहं गप्प बसणंही चारदा. मले चारदा बोला लागे. मी बोलून बोलून खुंटलो. पानकोबीवर माणूस बोलन तरी किती? तू बोट फिरवून सांगे, बोला, बोला.

शेवटच्या सकाळी नर्सनं गोळी ठेवली. मी सांगतलं की मेथी वर आली आहे. सांगतलं की सुमन रोज वलगावहून दोन्ही वेळचा डबा आणून थकून राहिली. अन् तिसरं सांगतलं की मी घरी गेलो होतो तवा मंदा आली होती, ओट्यावरच्या रिकाम्या क्यारेटकडं पाहत उभी होती, विचारे काकूचं मौन आता कोण धरन. "काय सांगू तिले, तूच सांग," मी म्हटलं.

तू बोट वर केलं. थांबा.

विरघळली गोळी. तू पाणी मागतलं. मंग म्हणली, "मेथी कोवळीच उपटा. तुमी नेहमी जरठ करता." पुन्हा एक घोट घेतला. "सुमनले म्हणा एकच वेळ ये. तिच्या सासूचेही गुडघे दुखतात." अन् तिसऱ्यावर येता येता तुहा डोळा लागला. दुपारी तशीच गेली, झोपेत. कपाळावर एक आठी नाई. सुमन रडली, मी तुह्या कपाळाकडं पाहत राहिलो.

तेरवीच्या दिवशी मी मांडवात पंगत पाहत होतो अन् ओट्यावर बायांचा घोळका. जाऊन पाहतो तं त्यांनी तुह्या क्यारेटले हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल, पुढं नारळ. एकजण म्हणे अठी छोटं ठाणं करू, काकूच्या मौनाचं. मंदा मागं खांबाले टेकून नाक पुसत उभी.

मी म्हटलं, "अवं बायांनो, उचला तो नारळ. टमाट्याचं क्यारेट हाय थे."

नारळ कोणी उचलला नाई, तं मी सांगत गेलो.

"कौसल्येनं कोणतं व्रत केलं नाई. तिले क्याप्सूलची सवय लागली होती, कमरेच्या दुखण्यावरची. त्याची दवाई जिभेखाली ठेवा लागे म्हणून तोंड बंद असे. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातली दवाई. कौल-बिल काई नाई. 'जळलं' म्हणली तवा दूध जळलं होतं."

बापूराव, आपल्या भावकीतले, पंगतीतून उठून आले. "तेरवीच्या दिवशी बायकोची बदनामी कायले करता, बुवा?"

"बदनामी कुठी करतो? बरी झाली होती, हे सांगून राहिलो."

एका बाईनं फूल उचलून डोक्यात घातलं. दुसरीनं नारळ पिशवीत टाकला. कोणी हसलं नाई, कौसल्ये. कोणी पदर तोंडाले लावला नाई. एकजण फक्त म्हणली, मंग खरंच दूधच होतं का? माह्या पोरीची सोयरीक उगाच मोडली म्हणा की. पंगत पुन्हा चालू झाली, अन् वाढपी बुंदी घेऊन फिरले.

सारे गेल्यावर मंदा थांबली. न सांगता भांडे घासाले बसली. लय वेळ भाजीचा एकच गंज घासत होती. मंग मान वर न करता म्हणली, "काकाजी, अकोल्याची गाडी कितीले हाय सकाळची?"

काल गेलो आम्ही. ती शाल पांघरून, कुडकुडत. मी तिले खिडकीची जागा देली, तुले सांगून ठेवतो. बाकावर दुसरे लोकं होते आता. म्याडमनं तुहं विचारलं, मी सांगतलं झोपेत गेली, दुखलं नाई. म्याडमनं चष्मा काढून पुसला. मंग मंदाले आत नेलं, विचारपूस केली, अन् बाहेर आणून नर्सनं तिच्या जिभेखाली गोळी ठेवली. ठेवल्याठेवल्या तिचे डोळे वाहू लागले अन् ती माह्याकडं पाहून काई सांगाले गेली. मी बोट वर केलं. तुह्यासारखं.

"आता नाई. विरघळू दे. तोवर मी बोलतो."

अन् तिले मी दोडक्याच्या मांडवाची गोष्ट सांगतली. मले पुरी पटली नाई तरी सांगतली. तुह्याएवढी चांगली जमली नाई. मधी वाल अन् कारलं आलं, नर्सही ऐकत उभी राहिली. अन् सारा वेळ मी त्या खुळ्या बायांसारखा मंदाच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, की पहिला शब्द काय निघते. तुहं तिसरं उत्तर मले भेटायचं राहिलं होतं ना.

दुपार झाली. तिनं शाल काढून घडी केली, मांडीवर ठेवली. पाय हलवणं थांबलं होतं. पदरानं तोंड पुसलं अन् म्हणली,

"काकाजी, भूक लागली."

गेटवर जाऊन आलूबोंडे आणले. मिरची तिनं माह्याकडं सरकवली, तू सरकवे तशी. गरम होते. बसून खाल्ले आम्ही.